जिन्याखालचा उलटा पाव

१

शनिवारी दुपारचं जेवण ब्लांदीनबाईंकडे, हा फिर्मां शावां यांचा शिरस्ता बायको गेल्यापासून सुरू झाला आणि मग कधी मोडला नाही. ल्यों शहरात, क्रुआ-रूसच्या उतारावर, रेशीमवाल्यांच्या जुन्या उंच घरांच्या पायथ्याशी बाईंचं बुशों आहे. बुशों म्हणजे आमच्याकडची घरगुती खानावळ. आत शिरलं की एका हाताला जस्ताच्या पत्र्याचं काउंटर, दुसऱ्या हाताला लोखंडी शेगडी, खिडक्यांना पितळी दांडीवर जाळीचे अर्धे पडदे, आणि टेबलं इतकी खेटून की शेजाऱ्याला कोपर न लावता सूप पिणाऱ्याला खरं तर बक्षीस द्यावं. काय आहे म्हणून विचारायचं नसतं. बाई आणतील ते खायचं आणि वर छान झालंय म्हणायचं.

फिर्मां उतारावरच्या दोरगाडीचे ब्रेकमन होते. जे हाताला लागतं तेवढंच खरं, असा त्यांचा हिशेब. पण निवृत्त झाल्यापासून रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, अशी गत झाली होती. कोणाच्या भिंतीवरचं चित्र तिरपं दिसलं की हे सरळ करणार. कोणाची खिडकी वाऱ्यावर आपटत असली की हे जाऊन लावणार. त्यावरून शिव्याही खायचे, पण सवय काही सुटत नव्हती.

जेवायला बरोबर मुलगी असायची, सेव्हरीन. टेकडीवर तिचं सुईदोऱ्याचं दुकान. नवरा केव्हाच दुसरीकडे गेलेला, मूलबाळ नाही. लहानपणी तापाने तिच्या हृदयाची एक झडप दुखावली होती आणि आता डॉक्टरांनी छाती उघडायची ठरवली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला. बापलेक त्याविषयी बोलत नसत. सेव्हरीन एकदाच बोलली होती, "आयुष्यभर लोकांना टाके घालायला दोरा विकला, आता माझ्यावरच खपणार बघ." फिर्मां हसले नव्हते.

त्या नोव्हेंबरातल्या शनिवारी शेगडीजवळच्या त्यांच्या टेबलावर बारशाची मंडळी बसली होती.

"कुठे बसवू तुम्हाला, मस्यू शावां?" बाई काकुळतीला आल्या. "बाळाबरोबर अख्खं खानदान आलंय."

"बाळ काय सॉसेज खाणार आहे? त्याची खुर्ची द्या मला."

"आत एक टेबल आहे. पण गार असतं तिथे."

"सेव्हरीनकडे कोट आहे आणि माझ्याकडे चरबी."

बाई लगेच हलल्या नाहीत. हात पुसून कोरडे झाले तरी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पण भिंतीकडे तोंड करून बसा. तिथे वाऱ्याचा झोत लागत नाही."

२

आतली खोली लहान होती. ओल्या दगडाचा आणि जुन्या पिठाचा वास. एक टेबल मधोमध, आणि दुसरं वर जाणाऱ्या लाकडी जिन्याखाली. ते मांडलेलं होतं. पांढरं कापड, एक ताट, एक ग्लास, घडी घातलेला रुमाल. ताटाच्या डाव्या हाताला छोटा गोल पाव. आणि तो पाव उलटा होता.

आमच्याकडे मूल नीट बोलायला लागायच्या आधी पाव सुलटा ठेवायला शिकतं. उलटा पाव जल्लादाचा. पूर्वी पाववाला त्याच्यासाठी एक बाजूला काढून उलटा ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कोणी चुकून उचलू नये. जल्लाद गेले, गिलोटिन गेलं, पण आजही उलटा पाव दिसला की हात आपोआप पुढे होतो, टेबल कोणाचंही असो.

सेव्हरीन हात धुवायला गेली. फिर्मां भिंतीकडे तोंड करून बसले. भिंत पाहिली. भिंतीवर काही नव्हतं. पाठीमागे तो पाव उलटा आहे हे त्यांना मानेवर जाणवत होतं. चित्रं सरळ करणाऱ्या माणसाने धरून धरून किती धीर धरावा? ते उठले, दोन पावलं टाकली आणि पाव सुलटा केला. तळाशी तो कोमट होता. भट्टीतल्यासारखा नाही, कोणीतरी बराच वेळ त्यावर तळहात ठेवल्यासारखा.

बाई वर गरम अंडं घातलेल्या सॅलडच्या ताटल्या घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे कोणी केलं?"

"मी. उलटा होता."

बाईंनी ताटल्या अगदी हळू खाली ठेवल्या. जिन्याखाली गेल्या, पाव पुन्हा उलटा केला, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता पुटपुटल्या, "माफ करा." फिर्मांनी ते स्पष्ट ऐकलं. मग बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "खा. अंडं गार होईल."

सेव्हरीन आली आणि जिन्याकडे तोंड करून बसली. जेवण चांगलं झालं. चीज खाताना फिर्मांच्या पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फरशीवर लाकूड घासतं तो साधा, ओळखीचा आवाज.

"कोण आलं?" फिर्मांनी विचारलं.

सेव्हरीनने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. "कुठे? कोणीच नाही."

जाताना त्यांनी वळून बघितलं. पाव होता तसाच होता, उलटा. खुर्चीने मात्र त्या टेबलाकडे पाठ केली होती. ती त्यांच्या टेबलाकडे तोंड करून होती. बाईंनीच केली असणार, ते स्वतःशी म्हणाले. झाडायला सरकवली असेल. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

३

पुढच्या शनिवारी शेगडीजवळचं टेबल मिळालं आणि फिर्मांना बरं वाटलं. शेजारी ल्युसियां बसला होता, दुकान पोराला देऊन मोकळा झालेला खाटीक. बाईंनी प्रत्येकाच्या ताटाशेजारी एकेक पाव ठेवला. फिर्मांनी मुद्दाम लक्ष दिलं. सगळे सुलटे.

कांद्याचं सूप संपलं आणि त्यांचं लक्ष गेलं. सेव्हरीनचा पाव उलटा होता.

त्यांनी तो सुलटा केला. मसूर आणि सॉसेज आलं. सेव्हरीन दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होती, ती बाई काळ्या दोऱ्याच्या चार छटा मागत होती. फिर्मां हसले, मोहरी घ्यायला वळले, आणि परत पाहतात तो पाव पुन्हा उलटा.

"तू केलास?"

"काय?"

"पाव."

"पपा, मला काय वेड लागलंय?" तिने हात पुढे करून तो सुलटा केला, बोलता बोलता, न बघताच.

ल्युसियांने तेवढ्यात तोंड घातलंच. "काय रे फिर्मां, आज जल्लादाला बोलावलंयस की काय जेवायला? सांग त्याला, माझ्याकडे ये म्हणावं. बायकोचं डोकं मी फुकटात देतो."

सगळे हसले. फिर्मांही. पण हसता हसता त्यांनी टेबलावर तळहात ठेवून बघितलं. जुनी घरं, फरशी कललेली असते, गोल वस्तू लवंडते. त्यांनी स्वतःचा पाव बोटाने ढकलला. तो थोडा सरकला आणि राहिला. पुन्हा ढकलला. लवंडला नाही.

शेवटी गुलाबी साखरेचा टार्ट येईपर्यंत सेव्हरीनचा पाव पुन्हा उलटा झाला होता. ती हसत होती, ओठांना गुलाबी साखर लागली होती. आणि फिर्मांना पहिल्यांदाच दिसलं की तिच्या ओठांखालची कातडी निळसर आहे. हे किती दिवसांपासून असेल, हे त्यांना सांगता आलं नसतं.

४

बुधवारी ते एकटेच गेले. पारख करायला. जेवणभर त्यांनी आपल्या पावावरची नजर हटवली नाही, सूपही अंदाजानेच प्याले. पाव सुलटाच राहिला. मग त्यांनी मुद्दाम इकडे तिकडे बघितलं, रुमाल पाडला, टेबलाखाली वाकून शोधला. वर आले. सुलटा.

हुश्श म्हणाले आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की यात हुश्श करण्यासारखं काही नाही. पाव त्यांच्यासमोर उलटत नव्हता. त्यांच्याशी कोणाचं काही काम नव्हतं.

गिऱ्हाइकं गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बाई मोठ्या पातेल्यावरचा फेस काढत होत्या.

"जिन्याखाली कोण जेवतं, मादाम?"

बाईंनी पळी झटकली. "माझी सासू मांडायची. तिची सासू मांडायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सांगितलं, रोज मांडायचं, पाव उलटा ठेवायचा, आणि जे सगळ्यांना तेच वाढायचं. का म्हणून मी विचारलं नाही."

"तुम्ही बघितलंय कोणाला?"

"ताट बघते. दुपारनंतर रिकामं असतं. पावाने पुसून घेतलेलं. इतकं स्वच्छ ताट माझ्याकडे दुसरं कोणी ठेवत नाही, मस्यू शावां." हे सांगताना बाईंच्या आवाजात भीती नव्हती. वर्षानुवर्षं आपल्या हातचं कौतुकाने खाणाऱ्याविषयी बाई बोलते तसा तो आवाज होता. मग तो खाली आला. "पण तुम्ही आत बसलात त्या दिवसापासून ताट भरलेलंच आहे. मी वाढते, आणि संध्याकाळी तसंच उचलते."

"म्हणजे येणं बंद झालं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पाव सुलटा झाला, तशी ती जागा त्याची राहिली नाही. मी पुन्हा उलटा केला, पण तोवर तो उठला होता." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्ही इथे येऊ नका. आणि मुलीला तर मुळीच आणू नका."

"ही सगळी बायकी भाकडकथा आहे," फिर्मां म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या. "देव करो आणि असो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फिर्मां उतार चढून घरी गेले आणि वाटेत कोणाच्या नमस्काराला उत्तर दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

५

तेव्हा पुढच्या शनिवारी त्यांनी घरीच स्वयंपाक केला. सेव्हरीनला नवल वाटलं.

"ब्लांदीनबाईंशी भांडलास?"

"मला काय अंडी तळता येत नाहीत?"

"येतात. खाता येत नाहीत, एवढंच."

पाव त्यांनी पायथ्याच्या पाववाल्याकडून आणला, लांबोडका, मोठा. लहान पाव नकोतच. फळीवर ठेवला, सुलटा, दोनदा बघून. फिर्मांचं घर चौथ्या मजल्यावर, त्यामुळे जिन्याचे आवाज त्यांना पाठ होते. शेजारीण येते तेव्हा पिशवी कठड्याला लागते. टपालवाला शिट्टी वाजवतो. आता कोणीतरी चढत होतं ते सावकाश, जड पावलांनी, घाई नसलेलं. पावलं त्यांच्या मजल्यावर येऊन थांबली. दार वाजलं नाही.

फिर्मां कपाटाकडे वळले, मोहरीची बरणी काढली, आणि परत वळले.

पाव उलटा होता, आणि त्याचं टोक सेव्हरीनच्या ताटाकडे वळलं होतं. खोलीत ओल्या दगडाचा आणि जुन्या पिठाचा वास आला होता. सेव्हरीन काटा हातात धरून खिडकीबाहेर शहरातल्या दोन्ही नद्यांवरचं धुकं बघत होती. तिने एका हाताने छाती किंचित दाबून धरली होती, दुखत असल्यासारखी नाही, काहीतरी ऐकू येतंय का ते बघत असल्यासारखी.

"पपा, इथे कोणी आहे का?" तिने सहज विचारलं.

"कोण असणार?"

"कोण जाणे. वाटलं, आई आहे."

फिर्मांनी बरणी खाली ठेवली. आयुष्यभर दोर, चाकं आणि ब्रेक यांवर विश्वास ठेवलेला हा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात कपाटाला पाठ लावून उभा होता. त्यात भीती होती, हे खरं. पण मुलीच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता, आणि त्यांना ते जास्त भयंकर वाटलं. जे आलं होतं ते दुष्ट नव्हतं. ते भुकेलेलं होतं, आणि त्याची जागा त्यांनीच मोडली होती.

६

ऑपरेशन मंगळवारी होतं. त्याच्या आदल्या शनिवारी फिर्मांनी दाढी केली, लग्नातला कोट घातला आणि सेव्हरीनला घेऊन ब्लांदीनबाईंकडे गेले.

"आतलं टेबल," ते म्हणाले.

"मी नाही वाढणार आत."

"वाढा. तीन जणांचं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काय करताय ते कळतंय का तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

"मग झालं तर. दोघंही सारखेच शहाणे."

बाईंनी जिन्याखालचं ताट, ग्लास आणि रुमाल उचलला आणि मधल्या टेबलावर, फिर्मांच्या समोर मांडला. पाव दोनच ठेवले, बापाचा आणि लेकीचा. कोण येणार म्हणून सेव्हरीनने विचारलं तेव्हा फिर्मां म्हणाले, दोरगाडीवरचा एक जुना ओळखीचा आहे, उशीर करतो. मग बाईंनी तिला हाक मारली. पुढच्या खिडकीचा जाळीचा पडदा उसवलाय, आज बुशों भरलंय आणि रस्त्यावरचे लोक आत बघतात, जरा टाका घालून देतेस का? सेव्हरीनच्या पर्समध्ये सुईदोरा नेहमीच असायचा. ती हसत उठून गेली.

फिर्मां एकटे राहिले. त्यांनी तिच्या पावावर नजर रोखली आणि पापणी हलू द्यायची नाही असं ठरवलं. पाव हलला नाही. तो सुलटा होता, आणि मग उलटा होता, आणि मध्ये काही झालं नव्हतं.

पुढच्या खोलीतल्या काट्याचमच्यांचा आवाज विरत गेला. सगळे अजून जेवत होते, पण आवाज येत नव्हता. समोरची खुर्ची मागे सरकली. नंतर पुढे सरकली, कोणी बसल्यावर सरकते तशी. टेबलावर अंथरलेला कागद दोन ठिकाणी किंचित दबला, जिथे कोपरं टेकतात तिथे.

"मस्यू," फिर्मां म्हणाले. गाडी सुटताना धावत आलेल्या उतारूशी बोलावं तसे, आदराने. "चूक माझ्याकडून झाली. तुमची जागा मी मोडली. पोरीचा यात काही संबंध नाही."

कागद तसाच दबलेला राहिला.

"मी ब्रेकमन होतो. आमच्याकडे एकाच दोराला दोन डबे असतात. एक खाली उतरतो तेव्हाच दुसरा वर चढतो. फुकट कोणी वर जात नाही, हे मला माहीत आहे." त्यांनी लेकीच्या ताटाकडे बोट केलं. "तिला चढू द्या."

त्यांनी सेव्हरीनच्या ताटाशेजारचा उलटा पाव उचलला. तो कोमट होता. स्वतःचा पाव तिच्या जागी ठेवला, सुलटा. आणि तिचा आपल्या ताटाशेजारी ठेवला, उलटाच, नीट दाबून. मग हात मांडीवर घेऊन बसले आणि वाट पाहिली.

तिचा पाव सुलटाच राहिला.

समोरून एक हात पुढे आला. मोठा, उतारवयाचा, अतिशय स्वच्छ हात, नखं जपून कापलेली. तो फिर्मांच्या पावावर येऊन टेकला आणि तसाच राहिला, पोराला ताप आहे का ते बघणाऱ्या हातासारखा. फिर्मांनी बाहीपर्यंत बघितलं. बाहीच्या वर खांदा होता, आणि खांद्याच्या वर बघायची हिंमत त्यांना झाली नाही. मान वर करायला शरीर तयारच नव्हतं. मात्र त्या हातात कसलीच चीड नव्हती, घाई नव्हती. ज्यांच्या माना याने धरल्या असतील त्या सगळ्यांनाही असाच हळू धरलं असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्या खोलीत बसलं होतं, आणि त्याच्यापुढे भीतीला जागाच उरली नव्हती. गुडघे टेकावेसे वाटत होते. एवढ्या जवळून, एकाच टेबलावर, हे आपल्याला बघायला मिळालं, याचा त्यांना चक्क अभिमान वाटला.

हात मागे गेला. पुढच्या खोलीतला गोंगाट एकदम परत आला.

७

बाई भट्टीतलं भांडं घेऊन आल्या. कोणाकडेही न बघता त्यांनी वाढलं, सगळ्यांना सारखं, माशाचे मऊ गोळे घट्ट सॉसमध्ये, वर भाजलेली साय. त्यांच्या मागोमाग सेव्हरीन आली, गालांवर थोडा रंग चढला होता.

"पडदा कसला, चाळणी झालीय त्याची. तुझा मित्र आला नाही अजून?" ती बसली. तिची नजर फिर्मांच्या ताटाशेजारी गेली, आणि कपाळावरची आठी पुरती उमटायच्या आधीच तिचा हात पाव सुलटा करायला पुढे आला.

फिर्मांनी फाडकन तिच्या हातावर मारलं.

काटा खाली पडला. जन्मात त्यांनी तिच्यावर हात उगारला नव्हता. सेव्हरीन हात छातीशी धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"पपा!"

"राहू दे. माझा आहे तो." त्यांचा आवाज फुटला. "मला असाच आवडतो. लागलं का गं?"

"लागलं," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिने तोच हात त्यांच्या हातावर ठेवला. "किती घाबरलायस. मी घाबरायचं की तू? मी ठीक आहे. आज तर खरंच ठीक वाटतंय, बऱ्याच दिवसांनी भूक लागलीय."

आणि ती जेवायला लागली. भरभर, आवडीने, सॉसमध्ये पाव बुडवून. फिर्मां तिच्याकडे बघत जेवले. जेवणाला चव होती, नेहमीपेक्षा जास्त. त्यांनी जाड बुडाच्या बाटलीतली वाइन तिन्ही ग्लासांत ओतली. समोरच्या ताटाकडे त्यांनी सरळ बघितलं नाही, पण मधूनच तो स्वच्छ हात त्यांच्या उलट्या पावाचा एक तुकडा मोडून घेत होता, अगदी जपून, चुरा न सांडता. सेव्हरीन तिकडे बघतच नव्हती. तिला सांगायचं खूप होतं. दुकान कोण बघणार, मांजराला कोण खायला घालणार, हॉस्पिटलात पांढऱ्या गाऊनला किती वाईट शिवण असते.

मग ती थांबली.

"मंगळवारी येशील ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येईन. डोळे उघडेन तेव्हा मला पहिलं तुझंच तोंड दिसायला हवंय. नर्सचं नको. तुझं."

फिर्मांनी उत्तर द्यायच्या आधी समोर बघितलं, साहेबाकडे रजा मागणारा माणूस बघतो तसं. पावाचा शेवटचा तुकडा ताटातून सावकाश गोल फिरत होता. सॉस पुसला गेला. कडा पुसली गेली. ताट पांढरं झालं. मग हाताने रुमालाची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि ती ताटाशेजारी नीट ठेवली.

मंगळवार आपल्या वाट्याला नाही. एवढं त्यांना कळलं.

"पपा? येशील ना?"

"तू शुद्धीवर ये," फिर्मां म्हणाले. "तू आलीस म्हणजे झालं. मग कोणाचं तोंड दिसेल ते दिसेल."

"हे काय उत्तर झालं?"

"टार्ट खा," ते म्हणाले. बाईंनी तो आणून ठेवला होता. फिर्मांनी आपला तुकडाही उचलून तिच्या ताटात ठेवला. ती नको नको म्हणाली, आणि मग दोन्ही खाल्ले.